शंभरच्या मागे: मनोरीच्या तळ्यातल्या वेगवान मॉडेल बोटीच्या नोंदी

बोट एका दिशेला कितीही पळाली तरी तो आकडा मी धरत नाही. जाताना आणि येताना, दोन्ही मोजायचं आणि सरासरी काढायची. वारा, पाण्याची ओढ, सगळं त्यात फिटून जातं. मोठ्या बोटींच्या जागतिक विक्रमाचाही हाच नियम आहे: एक किलोमीटर, दोन विरुद्ध दिशांनी, तासाभराच्या आत. केन वॉर्बीने घराच्या अंगणात लाकडाची बोट बांधली आणि ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या ब्लोअरिंग धरणावर ताशी ५११ किलोमीटर गाठले. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. अंगणात बांधलेली बोट, ही गोष्ट माझ्या मनात कॉलेजपासून घर करून आहे.

माझी रिमोटवर चालणारी बोट ७४ सेंटिमीटरची मोनो, म्हणजे एका तळाची. एक ब्रशलेस मोटर, २२०० केव्ही, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला २२०० फेरे. ४एस लिपो, म्हणजे चार सेलची १४.८ व्होल्टची लिथियम-पॉलिमर बॅटरी. तयार वजन २.१ किलो. ध्येय ताशी १०० किलोमीटर, सरासरीने.

जागेबद्दल खूप जण विचारतात म्हणून आधीच लिहितो. पवईच्या तलावात मगरी आहेत, उलटलेली बोट आणायला पाण्यात उतरता येत नाही. ठाण्याच्या तलावांत लोक नौकाविहार करत असतात. दोन किलोची वस्तू ताशी ऐंशीने जात असताना पाण्यात माणूस असता कामा नये, इतकं साधं आहे. माझ्या मावसभावाचं, दादाचं, मुंबईजवळ मनोरीला कोळंबीचं तळं आहे. दिवाळीआधी कोळंबी काढली की फेब्रुवारीत तळं सुकवेपर्यंत त्यात नुसतं पाणी असतं. लांबी १६० मीटर, रुंदी ६०. कर्णाच्या रेषेत धावलो तर ५० मीटरचं माप मधोमध बसतं आणि दोन्ही टोकांना वेग घ्यायला नि थांबायला जागा उरते. अमेरिकेतल्या नाम्बा या मॉडेल बोटींच्या संघटनेच्या सरळ रेषेच्या स्पर्धेत ३३० फूट मोजतात, तेवढी जागा माझ्याकडे नाही.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

हल (बोटीचं कवच) तयार झाला. तिसरा. पहिला ऑक्टोबरच्या उन्हात फुकट गेला, रेझिनमध्ये हार्डनर नेहमीच्या मापाने घातला आणि मगातच सात-आठ मिनिटांत त्याचा दगड झाला. मढच्या बंदरावर होड्यांना फायबर लावणारे एक कारागीर आहेत. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "ऊन बघून हार्डनर घाल, पुस्तक बघून नको." ग्लास क्लॉथही त्यांच्याकडूनच घेतला. दुसरा हल साच्यातून लवकर काढला आणि तो पिळला गेला.

तिसऱ्याचा तळ ॲल्युमिनियमची सरळ पट्टी लावून तपासला. पिछाडीजवळ दीड मिलिमीटर खोलगट निघाला. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. पण एवढ्या खोलगटपणानेही पिछाडी उचलली जाते आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यात दाबली जाते. पुटी भरून, लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून दोन संध्याकाळी घासला. पिछाडीच्या कडा गोल राहिल्या होत्या. गोल कडेला पाणी चिकटून वर चढतं, ते सुटून निघालं पाहिजे. टेपचा बांध घालून इपॉक्सीने कडा धारदार केल्या.

हलचा खर्च ३,४००. फुकट गेलेले दोन धरून.

९ नोव्हेंबर, रविवार

नागदेवी स्ट्रीटवरून स्टेनलेसचे एम३ बोल्ट आणि पितळेची नळी, लॅमिंग्टन रोडवरून दहा गेजची सिलिकॉन वायर आणि बुलेट कनेक्टर. स्ट्रट (प्रॉपचा, म्हणजे बोट ढकलणाऱ्या पंख्याचा, दांडा धरणारा आधार), रडर (सुकाणू), फ्लेक्स शाफ्ट धरून २,९०० गेले. मोटर ५,२००, स्पीड कंट्रोलर ७,२००.

टेबलावर मोटर फिरवली तर स्ट्रटचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) दहा सेकंदांत हाताला चटका देईल इतका तापला. फ्लेक्स शाफ्ट म्हणजे पिळलेल्या तारांची दोरी. जोर आला की ती आणखी पिळते आणि आखडते. मी प्रॉपचा डॉग (प्रॉपला दांड्यावर धरणारा तुकडा) स्ट्रटला टेकवून बसवला होता, आखडायला जागाच ठेवली नव्हती. अडीच मिलिमीटर फट ठेवली, काम झालं. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. वाचलेलं हातात यायला बुश जाळावा लागला.

१६ नोव्हेंबर, रविवार

शनिवारी रात्रीच मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला आलो. सकाळी साडेसहाला तळ्यावर. या दिवसांत पहाटे मतलई वारा असतो, मंद आणि सारखा. पाणी आरशासारखं.

बोट पळाली नाही, उड्या मारत गेली. नाळ वर, खाली, वर, खाली, बेडकासारखी. गुरुत्वमध्य मोजला तर पिछाडीपासून लांबीच्या २६ टक्क्यांवर. मोनोला तो ३० टक्क्यांच्या आसपास हवा. म्हणजे तीन सेंटिमीटर पुढे. बॅटरी ५२० ग्रॅमची, त्यामुळे तिला एकटीला बारा सेंटिमीटर सरकवावं लागणार. जीपीएसवर जास्तीत जास्त ६२.

दादाची एकच अट होती, "तुझ्या ग्रीसचा तवंग माझ्या पाण्यावर दिसता कामा नये." शाफ्टला प्रत्येक फेरीनंतर ग्रीस लावावंच लागतं. आता जास्तीचं पुसून, स्ट्रटच्या तोंडाशी कापडाने टिपून मगच बोट पाण्यात सोडतो. पुढे एकदाही तवंग दिसला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजची चूक सगळ्यांत महाग, म्हणून सविस्तर लिहितो.

बॅटरी बारा सेंटिमीटर पुढे नेली. कंट्रोलर जागच्या जागी राहिला. मधलं अंतर भरायला बॅटरीच्या दोन्ही वायरी चौदा चौदा सेंटिमीटरने वाढवल्या. उड्या थांबल्या, पहिल्या दोन फेऱ्या सुंदर गेल्या, ७४ दिसले. तिसऱ्या फेरीत पूर्ण थ्रॉटलला टप्प असा आवाज आला, पांढरा धूर, बोट तळ्याच्या मध्यात उभी.

आधी वाटलं कंट्रोलर थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी चिखलाने तुंबली असेल. फुंकून बघितली, मोकळी होती. दुसऱ्या फेरीत बाजूच्या भोकातून पाण्याची धार येताना भाच्याने पाहिलीही होती. कंट्रोलर उघडला तर कपॅसिटर फुगून फुटलेले.

कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतो. बॅटरीची वायर लांब असली की प्रत्येक वेळी करंट तोडताना व्होल्टेजचा उसळता फटका बसतो आणि तो कपॅसिटरला झेलावा लागतो. ते तापतात, फुगतात, मग कंट्रोलर जातो. मोटरच्या बाजूच्या तीन वायरी वाढवल्या तर हा धोका नाही. लांबवायचंच असेल तर त्या लांबवा. कंट्रोलर बॅटरीला चिकटून बसवा. मी उलटं केलं आणि ७,२०० रुपये पुन्हा भरले. नवा हातात पडायला एकोणीस दिवस लागले.

२४ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर

वाट बघण्याच्या दिवसांत प्रॉप केला. ऑक्ट्युराचा एक्स४३८: व्यास ३८ मिलिमीटर, पिच व्यासाच्या १.४ पट, म्हणजे एका फेऱ्यात ५३.२ मिलिमीटर. मोटरचे कागदावरचे फेरे मिनिटाला ३२,५६०. गुणाकार ताशी १०४ किलोमीटर येतो. पाण्यात त्याचे ऐंशी टक्के मिळाले तरी चांगलं. हा प्रॉप अर्धा पाण्यात, अर्धा हवेत फिरतो, पातं दर फेऱ्याला पाण्यावर आपटून आत शिरतं. म्हणून पुढची कड वस्तऱ्यासारखी हवी. विकत आलेला प्रॉप बोथट असतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हे प्रॉप बेरिलियम तांब्याचे असतात आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसांना विषारी असते. कोरडं घासायचं नाही, ग्राइंडर लावायचा नाही. मी बादलीत पाण्याखाली हाताने घासतो, मास्क लावून, आणि नंतर पॉलिश पेपरचे तुकडे ओलेच पिशवीत बांधून टाकतो. घरात लहान मूल असेल तर हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये मुळीच नको.

तोल बघायला यंत्र घेतलं नाही. लाकडाच्या ठोकळ्यात दाढीची दोन पाती उभी रोवली, प्रॉपमध्ये सरळ दांडी घालून त्यांवर ठेवली. जड पातं खाली येतं. त्याच्या पाठीमागून घासायचं, धारेकडून नाही. चार तास लागले. दोन प्रॉपचे ३,६००.

२१ डिसेंबर, रविवार

काल अमावस्या झाली. उधाणाचं पाणी उघाडीतून (तळ्याच्या बांधातल्या दारातून) आत घेतलेलं, तळं काठोकाठ. नवा कंट्रोलर बॅटरीशेजारी, मोटरच्या वायरी लांब.

वेळ मोजायची पद्धत: ५० मीटरच्या दोन्ही टोकांना बांबूच्या जोड्या, एक बांबू या बांधावर, दुसरा समोरच्या. प्रत्येक जोडीच्या रेषेत एक मोबाइल तिकाटण्यावर, सेकंदाला २४० फ्रेम. स्टॉपवॉचवर माझा भरवसा नाही. ५० मीटर जायला दोन सेकंद लागतात, अंगठ्याची चूक ०.२ सेकंदाची धरली तरी दहा टक्के गेले. दोन्ही व्हिडिओ जुळवायला सुरुवातीला मी पहिल्या बांबूपाशी उभा राहून जोरात टाळी वाजवली.

जाताना ८७.८. येताना ७४.४.

सत्त्याऐंशी बघून बांधावर आम्ही तिघंही ओरडलो. पण तेरा किलोमीटरचा फरक घरी जाताना फेरीबोटीत डोक्यातून जाईना. वारा इतका नव्हताच.

२३ डिसेंबर, मंगळवार, रात्री

भाच्याचा फोन. तो दहावीला आहे. "काका, टाळी तुम्ही पहिल्या बांबूजवळ वाजवली ना? मग दुसऱ्या मोबाइलला ती उशिरा ऐकू गेली असणार."

बरोबर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, ५० मीटरला ०.१४६ सेकंद. म्हणजे ३५ फ्रेम. जातानाच्या वेळेत ३५ फ्रेम कमी धरल्या गेल्या, येतानाच्या वेळेत ३५ जास्त. दुरुस्त केल्यावर ८२.० आणि ७९.१. ज्या आकड्यावर आम्ही ओरडलो तो खोटा होता. एकाच दिशेने मोजून थांबलो असतो तर तो खोटा आकडा मी खरा म्हणून वर्षभर सांगत फिरलो असतो.

उपायही त्यानेच सुचवला: बरोबर मध्यावर उभं राहून आवाज करायचा. दोन्हीकडे पंचवीस मीटर, दोन्हीकडे सारखाच उशीर. मावशीची स्टीलची थाळी आणि पळी ठरली.

४ जानेवारी २०२६, रविवार

उरलेल्या तीन किलोमीटरचा फरक कुठून येतो ते आज कळलं.

आजची तारीख या छंदातल्या माणसांना माहीत असते. ४ जानेवारी १९६७. डोनाल्ड कॅम्पबेल इंग्लंडच्या कॉनिस्टन वॉटरवर ब्लूबर्ड के७ ही बोट घेऊन ताशी ३०० मैलांसाठी उतरला होता. जातानाची फेरी २९७ ची झाली. पाणी शांत व्हायची वाट न बघता तो लगेच उलट फिरला. परतीच्या फेरीत नाळ उचलली गेली, बोट हवेत उलटली आणि तो गेला. अपघाताच्या कारणांबद्दल अजून वाद आहेत, पण पहिल्या फेरीची स्वतःचीच लाट त्यांत धरली जाते.

मीही लगेच उलट फिरत होतो. बॅटरी संपेल या घाईने. बोटीची लाट बांधाला आपटून परत येते, समोरच्या बांधावरून येते, मधे एकमेकींवर चढते. डोळ्यांना पाणी सपाट दिसतं तेव्हाही बांबूच्या प्रतिबिंबात थरथर असते. आज ठरवलं, बांबूचं प्रतिबिंब सरळ होईपर्यंत परतीची फेरी नाही. पहिल्यांदा साडेचार मिनिटं लागली. दादा बांधावर बसून म्हणाला, "जाळं टाकल्यावर एवढा वेळ तर आम्ही रोज थांबतो."

८३.४ आणि ८१.४. सरासरी ८२.४. ही माझी पहिली खरी नोंद.

११ जानेवारी, रविवार

भांगाचं, म्हणजे कमी भरतीचं पाणी, तळं एक हात खाली. वळताना प्रॉप चिखलात घुसला, पात्याची धार गेली. फेऱ्या रद्द. उधाणाच्या आठवड्याशिवाय यायचं नाही, ही गोष्ट दादाला विचारली असती तर त्याने आधीच सांगितली असती.

१८ जानेवारी, रविवार

एक्स४४० लावला, पिच ५६ मिलिमीटर. गुरुत्वमध्य मुद्दाम २८ टक्क्यांवर आणला, नाळ हलकी व्हावी म्हणून. पाण्याला कमी तळ लागला तर ओढ कमी. पहिल्या फेरीला जीपीएसवर ९४ चा शिखरवेग. पण दुसऱ्या मोबाइलची बॅटरी संपली होती, व्हिडिओ नाही. चार्ज करून परत यायला अकरा वाजून गेले. तोवर मतलई पडला होता आणि खारा वारा सुरू झालेला.

दादा म्हणाला, "आता नको. वारा फिरला." मी म्हटलं, "एकच फेरी."

बोट वाऱ्याला सामोरी गेली, झुळूक तळाखाली शिरली, नाळ उचलली आणि दोन मीटर वर जाऊन बोट पाठीवर पडली. झाकणाची टेप सुटली. आत थर्मोकोल भरलेला असल्याने बुडाली नाही, पण पाणी भरलं. आणायला घाईघाईत दादाने पाग टाकला, प्रॉपची धार जाळ्यात अडकली आणि जाळं हातभर फाटलं. ते विणायला ६०० दिले. त्याने नको म्हटलं, तरी दिले. चूक माझी होती.

नुकसान: सर्वो (रडर फिरवणारी छोटी मोटर) गेला, १,१००. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधलेलं होतं म्हणून वाचला. हा जुना उपाय आहे, जरूर करा. तळ्याचं पाणी मचूळ, त्यामुळे बोट लगेच विहिरीच्या गोड्या पाण्याने धुतली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून पंख्याखाली ठेवली. मोटरचं मागचं बेअरिंग तरी आठवड्याने करकरायला लागलं, बदललं.

त्या दिवशी जीपीएसने उलटतानाचा वेग ११३ दाखवला. हवेत गिरकी घेताना आलेला आकडा. असे आकडे स्क्रीनवर दिसतात, फोटोही छान येतो. त्याचा उपयोग नाही. वेगाचा आलेख उघडून बघा: खरा शिखरवेग चढत जातो आणि उतरतो, खोटा एका ठिपक्यापुरता असतो.

१ फेब्रुवारी, रविवार

आज पौर्णिमा, तळं भरलेलं. सकाळी ६:५०, मतलई वारा झाडाचं पान हलवील इतकाच.

गुरुत्वमध्य परत ३० टक्क्यांवर. मग नाळ जड वाटू नये म्हणून स्ट्रट अर्धा अंश फिरवला आणि एक मिलिमीटर वर घेतला. हा अर्धा अंश शोधण्यात काल संध्याकाळ गेली. दर वेळी एकच बदल, दोन फेऱ्या, वहीत नोंद. आधी मी एकदम तीन गोष्टी बदलायचो आणि कशाने काय झालं ते कळायचं नाही. प्रॉपच्या पिळाने बोट एका बाजूला कलत होती, त्यासाठी बॅटरी विरुद्ध बाजूला सहा मिलिमीटर सरकवली.

थाळी वाजली. जाताना ४६१ फ्रेम. ताशी ९३.७.

बोट टोकाला थांबवून ठेवली, प्रॉप बंद. कोणी बोलत नव्हतं. भाचा प्रतिबिंबाकडे बघत होता, त्यानेच हात वर करायचा असं ठरलं होतं. पाच मिनिटं दहा सेकंदांनी त्याने हात वर केला.

येताना ४७९ फ्रेम. ९०.२. सरासरी ९१.९५, एका फ्रेमची चूक धरली तर दोन दशांश इकडे-तिकडे.

फेऱ्यांनंतर बॅटरी ४६ अंशांवर, कंट्रोलर ५१, मोटर ६८. अजून थोडा जोर शिल्लक आहे. आणखी जोडफेरी घेतली नाही, सेलचं व्होल्टेज ३.५ वर आलं होतं. लिपो फार खाली ओढली की फुगते.

८ फेब्रुवारी, रविवार

उघाडी मोकळी केली, ओहोटीला तळं रिकामं होतंय. आता महिनाभर चिखल उन्हात तडकेल, मग चुना, मग नवं पाणी, नवं बी. पुढचं पाणी मला पुढच्या दिवाळीनंतरच मिळणार.

आत्तापर्यंतचा सगळा खर्च ५४,५००. त्यात दोन कंट्रोलर १४,४००, दोन बॅटऱ्या ११,०००, जीपीएस ६,५००, रिमोट ५,८००, बाकीचं वर आलंच आहे. प्रवासाचे पैसे धरलेले नाहीत.

बॅटऱ्या ३.८ व्होल्टवर आणून ठेवल्या. शाफ्ट काढून, पुसून, ग्रीस लावून वेगळा ठेवला. एक्स४४० ची धार जाळ्यात अडकली होती तिथे केसाएवढा दात पडलाय, फेब्रुवारीच्या फेऱ्या त्या दातासकट झाल्या. तो काढायचा आहे. तळाच्या मधल्या भागात पट्टी लावली तर अजून एक ठिकाणी प्रकाश दिसतो, अर्धा मिलिमीटर. आज पुटी लावली. उद्या घासणार.